शिक्का पाहा, मग ‘होय’ म्हणा

या धड्यात आपण कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका इशाऱ्याची माहिती घेऊ. तो का येतो, त्यात काय लिहिलेले असते आणि तो कायमचा कसा घालवायचा, हे पाहू.

गंगापूर तालुक्यात आता शेतकऱ्यांचे गट आहेत, दूध संस्था आहेत, पतसंस्था आहेत, बचत गट आहेत. पुष्कळ ठिकाणी कचेरीत कॉम्प्युटर असतो. खरेदीदाराची पत्रे, मालाची बिले, बँकेचे कागद त्यावर येतात. या टपालाला ई-मेल म्हणतात. ते आणण्यासाठी कॉम्प्युटरवर आउटलुक किंवा थंडरबर्ड यांसारखा एक प्रोग्रॅम असतो. आपण त्याला ‘टपालाचा प्रोग्रॅम’ म्हणू.

हा प्रोग्रॅम उघडला की कधी कधी एक चौकट पुढे येते. तिच्यात इंग्रजीत काही लिहिलेले असते. खाली ‘येस’ आणि ‘नो’ अशी बटणे असतात. ‘येस’ दाबले की चौकट जाते, टपाल येते. दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा हजर!

रोजचे झाले म्हणून साधे झाले काय?

समजा, एका गटाच्या कचेरीत असे बोलणे चालले आहे.

“आबा, हे बघा, आज पण आलं. काय करू?”

“अगं, रोजचंच आहे ते. ‘येस’ दाब अन् हो पुढं. टपाल तर येतंय ना?”

“येतंय. पण त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही, आबा.”

आबांचे म्हणणे आपल्यालाही पटते. घाई असते. इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो. पण ताईने खरी गोष्ट सांगितली. ते कुणी वाचलेच नाही.

रोज रात्री कुत्रे भुंकते म्हणून आपण उठायचे सोडून देतो. मग ज्या रात्री चोर येतो, त्या रात्रीही आपण उठत नाही. या इशाऱ्याचे तसेच आहे. इशारा बहुतेक वेळा साध्या कारणाने येतो. पण साधे कारण असले तरी ते शोधून दूर केले पाहिजे. म्हणजे इशारा उगाच येणार नाही, आणि खरा इशारा आला की आपले लक्ष जाईल.

इशारा कशाबद्दल असतो?

लासूरच्या बाजारात आपण कांदा नेतो, कापूस नेतो. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा असतो. वजनमापे खाते तो काटा दरवर्षी तपासते आणि त्यावर शिक्का मारते. जाणता शेतकरी काट्यावर तीन गोष्टी पाहतो. काटा याच दुकानाचा आहे का? शिक्का सरकारी खात्याचाच आहे का? त्याची मुदत उलटून तर गेली नाही ना?

आपले टपाल दूर कुठेतरी एका मोठ्या कॉम्प्युटरवर साठलेले असते. त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. आपला प्रोग्रॅम त्या सर्व्हरकडे जातो. पासवर्ड देण्याआधी तो विचारतो, “तुझा दाखला दाखव.” सर्व्हर दाखला दाखवतो. या दाखल्याला ‘सर्टिफिकेट’ म्हणतात. त्यावरही तीन गोष्टी असतात: नाव, शिक्का आणि मुदत. तिन्ही बरोबर असल्या की काम मुकाट्याने होते. एक जरी चुकली की प्रोग्रॅम थांबतो आणि आपल्याला विचारतो, “मालक, या दाखल्यात खोट दिसते. पुढे जाऊ का?”

‘येस’ म्हणजे “जा पुढे.” मग आपला पासवर्ड त्या सर्व्हरच्या हाती जातो. सर्व्हर आपला असेल तर ठीक. पण मधेच कुणी लबाड बसला असेल, तर पासवर्ड त्याच्या हाती पडेल. मग तो आपले टपाल वाचील. गटाच्या नावाने खरेदीदाराला पत्र धाडील, “आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पैसे या नव्या खात्यावर पाठवा.” माल आपला गेला आणि पैसे दुसऱ्याने नेले, असे व्हायला वेळ लागणार नाही.

दाखला उघडून वाचा

चौकटीत बहुधा ‘व्ह्यू सर्टिफिकेट’ असे तिसरे बटण असते. ते दाबले की दाखला उघडतो. दाबून नुकसान काही नाही. त्यात तीन ओळी शोधा.

‘इश्यूड टू’ – दाखला कोणाला दिला. हे नाव.
‘इश्यूड बाय’ – दाखला कोणी दिला. हा शिक्का.
‘व्हॅलिड फ्रॉम’ – कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. ही मुदत.

या तिन्ही ओळी वहीत उतरून घ्या. आता एकेक तपासू. मुदत तपासणे सगळ्यांत सोपे, म्हणून ती आधी घेऊ.

पहिली तपासणी : मुदत

आधी आपल्या कॉम्प्युटरचे घड्याळ पाहा. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख असते. दिवस, महिना आणि वर्ष, तिन्ही बघा. वर्ष २०१५ दिसत असेल, तर आजचा नवा दाखला त्याला ‘अजून सुरूच झाला नाही’ असा वाटेल. दाखला खरा, पण पाहणाऱ्याचे घड्याळ खोटे! अशा वेळी टपालातच नव्हे, तर इंटरनेटवर जिथे जाल तिथे इशारे येतात. हीच त्याची खूण.

घड्याळ बरोबर लावा. सेटिंगमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ असेल तर ते चालू ठेवा. शेजारी भारताचाच प्रमाणवेळ निवडलेला आहे ना, तेही पाहा. भारताची वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे.

आज घड्याळ लावले आणि उद्या सकाळी ते पुन्हा मागे गेले, तर? मग दोष एका लहानशा सेलचा आहे. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यावर बहुधा सीआर २०३२ असा क्रमांक असतो. तो ३ व्होल्टचा असतो. लाइट गेली किंवा आपण बटण बंद केले, तरी घड्याळ त्या सेलवर चालते. काही वर्षांनी सेल संपतो. मग रोज संध्याकाळी बटण बंद केले की घड्याळ भरकटते, आणि रोज सकाळी इशारा येतो. दुरुस्ती करणाऱ्याला नेमके सांगा, “सेल बदलून द्या.” काम थोडक्यात होते. आपणच बदलणार असाल, तर आधी पिन भिंतीतून काढा.

घड्याळ बरोबर आहे आणि दाखल्याची मुदतच उलटली आहे, असेही होते. तेव्हा दोष आपल्याकडे नाही. ज्यांच्याकडून ई-मेलची सोय घेतली, त्यांनी दाखला नवा करायला हवा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाची एक संस्था फुकट दाखले देते. तिच्या नेहमीच्या दाखल्याची मुदत ९० दिवसांची ठेवलेली आहे. ते आपोआप नवे होण्याची व्यवस्था असते. ती व्यवस्था बिघडली, तर दर तीन महिन्यांनी इशारा डोके वर काढतो. सोय देणाऱ्याला फोन करून मुदतीची तारीख वाचून दाखवा. “काहीतरी येतंय” असे सांगू नका. तारीख सांगितली की काम लवकर होते.

दुसरी तपासणी : नाव

आपले गंगापूर एक. नाशिकजवळ दुसरे गंगापूर आहे, तिथे गोदावरीवर धरण आहे. राजस्थानात गंगापूर सिटी नावाचे शहर आहे. आपण आपल्या गंगापूरला मनीऑर्डर केली आणि पोचपावती नाशिकच्या गंगापूरची आली, तर आपण स्वस्थ बसू काय? नाव सारखे वाटून चालत नाही. ते पुरते जुळले पाहिजे.

प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचे नाव लिहिलेले असते. आउटलुकमध्ये ‘फाइल’ उघडा, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’. तिथे येणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचे एक नाव असते आणि जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचे दुसरे. कधी दोन्ही एकच असते. ते नाव आणि दाखल्यावरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एखादा ठिपकाही सुटता कामा नये.

नाव का जुळत नाही? पुष्कळदा संस्थेचा ई-मेल एखाद्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवलेला असतो. दाखला त्या कंपनीच्या नावाचा असतो आणि सेटिंगमध्ये आपल्या संस्थेचे नाव असते. किंवा सोय देणाऱ्याने सर्व्हर बदलला आणि आपण सेटिंग बदलले नाही. अशा वेळी दाखल्यावर दिसेल ते नाव स्वतःच्या मनाने सेटिंगमध्ये भरू नका. ते नाव लबाडाचे असेल तर? आपल्या जुन्या पावतीवर जो फोन क्रमांक आहे, त्यावर विचारा आणि खरे नाव लेखी मागून घ्या. मग दोन्ही ठिकाणी ते भरा.

त्याच वेळी ‘पोर्ट’चे आकडेही विचारा. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक. येणाऱ्या टपालाच्या सुरक्षित दाराचा क्रमांक बहुधा ९९३ किंवा ९९५ असतो. जाणाऱ्या टपालाचा ४६५ किंवा ५८७ असतो.

तिसरी तपासणी : शिक्का

शिक्का मारण्याचा अधिकार कोणालाही नसतो. कोणाचा शिक्का मानायचा, याची यादी कॉम्प्युटरमध्ये असते. शिक्का त्या यादीत नसला की इशारा येतो.

याची तीन कारणे सहज आढळतात. एक, आपल्याच कॉम्प्युटरवरचा व्हायरस मारणारा प्रोग्रॅम. तो टपाल तपासण्यासाठी मधे उभा राहतो आणि स्वतःचा दाखला पुढे करतो. ‘इश्यूड बाय’ पुढे त्याचेच नाव दिसले, तर तो ताजा करून घ्या. नाहीच जमले तर काढून पुन्हा घाला. दुसरे, सर्व्हरवाल्याने स्वतःच स्वतःच्या दाखल्यावर शिक्का मारलेला असतो. ‘इश्यूड टू’ आणि ‘इश्यूड बाय’ या दोन्ही ठिकाणी एकच नाव दिसते. स्वतःच्या काट्यावर स्वतःच शिक्का मारावा, तसे हे. सोय देणाऱ्याकडे रीतसर दाखला मागा.

तिसरे कारण म्हणजे कॉम्प्युटर जुना झाला आणि त्यातली यादीही जुनी झाली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ दाखल्याची मुदत संपली. त्याच्या आधारावर ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे दाखले चालत होते. ज्यांची यादी ताजी होती, त्यांना काही कळलेही नाही. ज्यांची जुनी होती, त्यांच्याकडे जगभर इशारे झळकले. विंडोज ७ ची नेहमीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. कचेरीत असा जुना कॉम्प्युटर असेल, तर पुढच्या बैठकीत तो विषय घ्या.

यादी ताजी ठेवण्याचे महत्त्व आपल्या देशात एकदा चांगलेच दिसले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्याप्रमाणे दाखले देणाऱ्यांवर देखरेख करणारा एक सरकारी नियंत्रक आहे. त्याच्या हाताखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी दाखले देत असे. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळले, की त्या केंद्राच्या शिक्क्याने गूगलच्या नावाचे खोटे दाखले निघाले आहेत. दाखले देण्याच्या कामात कुणीतरी शिरकाव केला होता. नियंत्रकाने ते शिक्के लगेच रद्द केले. पण रद्द झाल्याची बातमी आपल्या कॉम्प्युटरला कशी कळणार? ती ‘अपडेट’मधून कळते. म्हणून अपडेट बंद करून ठेवू नका.

वाट बदलून पाहा

तिन्ही तपासण्या करूनही उमगत नसेल, तर एक सोपी परीक्षा आहे. कचेरीचे इंटरनेट बंद करा. मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्याला जोडा. आता इशारा गेला, तर दोष कचेरीच्या इंटरनेटच्या वाटेत आहे. तरीही आला, तर दोष कॉम्प्युटरमध्ये, सेटिंगमध्ये किंवा सर्व्हरवर आहे. स्टँडवर, हॉटेलात फुकटच्या वायफायवर असा इशारा आला, तर दुसरा विचार न करता ‘नो’ दाबा.

‘नो’ दाबायला भिऊ नका

‘नो’ दाबले तर टपाल फाटत नाही, हरवत नाही. ते सर्व्हरवर पडून राहते. दोष निघाला की सगळे येते.

थंडरबर्डमध्ये ‘ही सवलत कायमची ठेवा’ अशा अर्थाची एक खूण करायची जागा असते. तिथे खूण करून इशारा गप्प करू नका. कुणी “सुरक्षा काढून टाका, इशारा जाईल” असे सांगितले, तर तेही ऐकू नका. इशारा जाईल, पण पासवर्ड उघडा पडेल.

चुकून ‘येस’ दाबले आणि मागाहून शंका आली, तर दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून पासवर्ड लगेच बदला. खरेदीदाराला फोन करून सांगा, “खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर आम्हाला विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.” पैसे गेलेच, तर बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

बाजारात काट्याचा शिक्का पाहणारा शेतकरी अडाणी नसतो. इथेही तीच नजर हवी.

अभ्यास

१. दाखल्यावरच्या तीन गोष्टी कोणत्या?
२. रोज सकाळी घड्याळ मागे जाते. कोणता सेल बदलाल?
३. दाखल्यावरचे नाव स्वतःच्या मनाने सेटिंगमध्ये का भरू नये?
४. ‘नो’ दाबल्यावर टपालाचे काय होते?
५. करून पाहा : आपल्या गटाच्या कॉम्प्युटरवरची तारीख, सर्व्हरचे नाव आणि सोय देणाऱ्याचा फोन क्रमांक एका कागदावर लिहा. तो कागद कॉम्प्युटरजवळ भिंतीवर लावा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.