हळदीच्या रात्री केलेला फोन

डिपॉझिटचे पंधरा हजार अजून मिळालेले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून सगळी चूक माझीच, असं ठरवून मोकळे व्हाल.

मी सोलापूरकडचा. न्हावा शेवा बंदराजवळ सीएफएसवर, म्हणजे कंटेनरच्या मालाच्या गोदामात, डॉक्युमेंटेशनला लागलो आणि करळ फाट्यापासून आत एका गावात खोली घेतली. मालक आगरी, माणूस दिलदार. दलाल मात्र भाडं आणि डिपॉझिट यापलीकडे चकार शब्द बोलला नाही.

मालकाच्या पुतण्याची हळद निघाली. आमच्याकडे हळद घरच्या बायका सकाळी उरकून टाकतात. इथे लग्नाहून हळद मोठी. रस्त्यात मांडव, अख्खं गाव जेवायला, धवलारीण धवले म्हणजे लग्नगीतं गाते आणि मग डीजे. मी गेलो, पाकीट दिलं आणि 'मटण खात नाही' असं पुटपुटत उपाशीच परतलो. मालकाच्या घरच्या आजींनी माझ्यासाठी वरणभात वेगळा काढून ठेवला होता, हे फार नंतर कळलं.

रात्री दीडला खोलीची भिंत थरथरत होती. सकाळी सातची शिफ्ट. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम काही मी केलेला नाही! ११२ ला फोन लावला. गाडी आली, आवाज थांबला. फोन कुणाचा, हे कळायला गावाला उजाडायची वाट पाहावी लागली नाही.

सकाळी आजी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. रोज जाता-येता त्यांचा एकच प्रश्न, "जेवलास का?" सकाळी साडेसहालासुद्धा. मी हसायचो. त्या दिवशी त्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा सुपात घातली.

दुपारी मालक आला. "आमचे घरा जेवला नाय, नि पोलीस आनलेस?" एवढंच बोलला. त्याच्या वडिलांचा फोटो मी सहा महिने पाहत होतो, पण कधी विचारलं नव्हतं. नंतर कळलं, जानेवारी १९८४ मध्ये ते शेतकरी नेते दि. बा. पाटलांबरोबर जासईच्या लढ्यात होते. भूसंपादनाविरुद्धच्या त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या घराच्या मांडवात मी पोलीस आणले. आणि ह्याच मालकाला एकदा चहा पिताना मी ऐकवलं होतं, "बंदर आलं म्हणून तुमचं भलं झालं." तो अर्धा कप ठेवून उठला होता. मला वाटलं, काम आठवलं असेल.

तेव्हा नव्याने येणाऱ्यांनो, खोली घेतानाच विचारा की वाड्यात हळद कधी आहे, आणि त्या रात्रीनंतरची शिफ्ट बदलून घ्या. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी सांगा. पंगतीत बसून दोन घास खा, पाकीट दुय्यम. आवाज सहन होत नसेल तर घरच्या म्हाताऱ्या बाईला सांगा. तिचं डीजेवालाही ऐकतो, असं शेजाऱ्याने मला सांगितलं, खोली सोडताना! जत्रेच्या वर्गणीत घासाघीस नको. बंदर, जमीन, मोबदला यावर आपलं मत देऊ नका. बाकी सगळ्यांशी गोडीने राहा वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

तरी एक विचारतो. माझ्या जागी तान्ह्या बाळाची आई असती, तर तिने त्या रात्री काय करायचं होतं? याचं उत्तर मला गावात कुणी दिलं नाही.

आणि डिपॉझिटची पावती घ्या. मी घेतली नव्हती.