यात्रेची वाट आणि खिशातला फोन

समजा महाशिवरात्रीला आजीला घेऊन तुम्हांला बीडहून परळी वैजनाथला जायचे आहे. रस्ते दोन. एक वडवणी, तेलगाव, सिरसाळ्यावरून. दुसरा केज, अंबाजोगाईवरून, जरा लांबचा. कोणता घ्याल? पूर्वी लोक एसटी स्टँडवर कंडक्टरला विचारीत. आता फोनमधल्या नकाशाला विचारतात. पण त्याला तरी हे कळते कसे?

आधी तुम्ही कोठे आहात हे त्याला समजावे लागते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात आणि रेडिओलहरींनी आपली जागा व वेळ सतत सांगत असतात. ही लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. तरीही डोक्यावरच्या उपग्रहापासून येण्यास तिला सेकंदाचा पंधरावा भाग लागतोच. त्यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरे कळली की जागा ठरते. मग चौथा उपग्रह कशाला? फोनमधले घड्याळ साधे असते. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकते! ती चूक चौथ्यामुळे सापडते.

गर्दीची बातमी मात्र उपग्रह देत नाहीत. ती रस्त्यावरचे फोनच देतात. सिरसाळ्याजवळ पुष्कळ फोन मुंगीच्या पावलांनी सरकू लागले, की तेथे गाड्या तुंबल्या असे दूरचा संगणक समजतो, रस्ता लाल रंगवतो आणि तुम्हांला केजकडून जायला सुचवतो. तो गाड्या पाहत नाही, फोन मोजतो. २०२० मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलावंताने ९९ फोन हातगाडीत घालून मोकळ्या रस्त्याने ओढत नेले. नकाशावर तो रस्ता लाल झाला!

आता परळीत पोहोचलात. टॉवर एका वेळी ठरावीक फोनांनाच पुरतो. हजारो फोन एकदम बोलू लागले, की कोणाचाच धड लागत नाही. उपग्रहाचे तसे नाही. त्याची लहर फोन नुसती ऐकतो, उलट काही पाठवीत नाही. म्हणून ऐकणारे कितीही असोत, ती कमी पडत नाही. परळीचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घेतला असेल, तर टॉवर नसतानाही तुमचा ठिपका त्यावर दिसेल.

आजीचा ठिपका मात्र दिसणार नाही, कारण तो टॉवरवरूनच यायचा. तेव्हा चुकामूक झाली तर रेल्वे स्टेशनच्या दाराशी भेटायचे, हे आजीशी घरूनच ठरवून निघा.