मोटारीच्या खोलीतला कॅमेरा: चोर नंतर, मीटर आधी

व्हिडिओत आपण बोटीच्या इंजिन रूममधला कॅमेरा पाहिला. तुम्ही म्हणाल, जुन्नर-आंबेगावात कुठली आलीय बोट? पण नीट बघा. तिथला कॅमेरा चोर पकडायला नसतो. तांडेल वर सुकाणूपाशी उभा असतो आणि खाली इंजिनाजवळ धूर निघतोय का, डिझेल गळतंय का, तळात पाणी साचतंय का, हे त्याला जागेवरून दिसावं म्हणून तो लावलेला असतो.

आता आपल्याकडची इंजिन रूम आठवा. घोड, मीना किंवा कुकडीच्या काठावरची पत्र्याची खोली. आत स्टार्टर, ऑटो स्विच आणि मोटार. शेतकरी राहतो दीड-दोन किलोमीटर लांब. थ्री-फेज लाईट रात्रीच्या पाळीत आली की बॅटरी घेऊन निघायचं, तेही बिबट्याच्या मुलखातून. बऱ्याचदा तिथं पोहोचल्यावर कळतं की मोटार चालूच होती. ही फेरी वाचवणं हाच तुमचा धंदा. केबल आणि मोटारीतल्या तांब्याची चोरी होते हे खरं आहे, पण नुसत्या चोरीच्या भीतीवर विकलेला कॅमेरा गिऱ्हाईक महिन्याभरात विसरून जातं. रोज मीटर दाखवणारा कॅमेरा मात्र ते रोज उघडतं.

म्हणून पहिला कॅमेरा दाराकडे नको, पॅनेलकडे तोंड करून लावा. व्होल्टमीटर, अँपिअर मीटर आणि तिन्ही फेजचे दिवे एका चित्रात आले पाहिजेत. मोटार फिरतेय पण अँपिअर नेहमीपेक्षा बरेच कमी दिसतात, तर पंपानं पाणी सोडलं असण्याची शक्यता मोठी. फूटव्हॉल उघडा पडला असेल किंवा हवा धरली असेल. एक दिवा गेलेला दिसला तर एक फेज गेलीय, अशा वेळी मोटार जळते. (सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. कॅमेरा त्याची जागा घेत नाही. आणि मोटार लांबून बंद करायची असेल तर मोबाईल स्टार्टर लागतो, कॅमेऱ्यानं फक्त दिसतं. हा फरक गिऱ्हाइकाला आधीच सांगा.)

बसवताना कॅमेरा मीटरच्या अगदी समोर नको, थोडा तिरका ठेवा. नाहीतर रात्री कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड उजेड काचेवर पडून आकडा पांढरा फटक दिसतो. मोटारीच्या पायावर किंवा हलत्या पत्र्यावर ठोकू नका, थरथरीनं चित्र हलतं आणि स्क्रूही सैल होतात. बोटीवरही हीच काळजी घेतात. आणि कोळी! रात्रीच्या त्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्सवर जाळं. त्यामुळे पुसायला जावंच लागतं. हे वाईट नाही, पुढे सांगतो.

सगळ्यात मोठा घोळ विजेचा. शेतीची लाईट चोवीस तास नसते. शिवाय बऱ्याच मोटारींच्या खोलीत तीन फेज येतात पण न्यूट्रल नसतो. कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर २३० व्होल्टचा, आणि दोन फेजमध्ये मिळतात साधारण ४१५. जोडला की गेला. काही जण अर्थिंगलाच न्यूट्रल समजून जोडतात. ते कधीही करू नका, पॅनेलच्या पेटीला करंट उतरून माणूस जाऊ शकतो. पॅनेल उघडायचं असेल तर लायसन्सवाला वायरमन बोलवा. कॅमेरा सोलरवर वेगळाच ठेवा.

हिशोब सोपा आहे. कॅमेरा आणि फोर-जी राऊटर मिळून १० वॅट धरा. चोवीस तासांचे झाले २४० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून रोज २० अँपिअर-तास गेले. दोन ढगाळ दिवस काढायचे आणि बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही, तर ८० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. पॅनल कागदावर ६० वॅटचं पुरतं, पण डिंभ्याच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात ऊन किती पडतं ते तुम्हाला माहीत आहे. मी १२० च्या खाली जात नाही. बॅटरी पुराच्या खुणेच्या वर टांगा.

नेटचा हिशोब लोक करतच नाहीत. १ एमबीपीएसचं चित्र दिवसभर पाठवलं तर १०.८ जीबी डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ते बसणार नाही. रेकॉर्डिंग १२८ जीबीच्या कार्डावर ठेवा, साधारण ११ दिवस मावतं. मोबाईलवर फक्त लागेल तेव्हा बघायचं, दहा मिनिटांना ७५ एमबी. कोणत्या कंपनीची रेंज आहे हे खोलीच्या आत उभं राहून तपासा, बांधावरून नाही.

खोडदच्या आसपास काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. स्वस्तातले अॅडॉप्टर आणि चार्ज कंट्रोलर फार विद्युत गोंगाट करतात. चांगल्या प्रतीचेच वापरा. कॅमेराही पक्क्या बिलावर घ्या. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी केंद्र सरकारच्या सुरक्षा चाचणीच्या अटी लागू झाल्यात, घाऊकवाल्याकडे मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

आता पैसे. आकडे उदाहरणाचे आहेत आणि जीएसटी सोडून, तुमचे तुम्ही घाला. सामान १२,००० ला घेतलं, १४,००० ला दिलं, फिटिंग २,५००. पेट्रोल ४०० आणि वॉरंटीसाठी बाजूला ५०० काढले तर हातात ३,६००. ठीक आहे, पण हे एकदाच मिळतं. खरी कमाई वर्षाच्या सर्व्हिसमध्ये आहे: २,४०० रुपयांत चार भेटी. लेन्स आणि पॅनल पुसणं, बॅटरी तपासणं, कार्ड बघणं. ३० गिऱ्हाइकं झाली की वर्षाला ७२,०००. एकाच काठावरच्या चार खोल्या एका दिवसात केल्या तर दिवसाला २,४०० पडतात. घोडेगावला एक आणि ओतूरला एक असं विखुरलेलं काम घेतलं, तर पेट्रोलच खाऊन टाकेल. म्हणून एक बंधारा धरा आणि त्याच्या आजूबाजूच्या मोटारी आधी करा.

मोटार भागातली असेल तर सगळ्या भागीदारांना एकत्र बसवून विचारा: पैसे कोण देणार, चित्र कोणाकोणाच्या मोबाईलवर दिसणार? पाळीवरून आधीच कुरबुर असते, त्यात एकाच्याच हातात कॅमेरा गेला तर भांडण तुमच्या नावावर येतं. ठरलेलं कागदावर घ्या. आणि बाहेरचा कॅमेरा लावताना नदीकडे नीट बघा. बायका धुणं धुतात तो घाट चित्रात येता कामा नये. जागा मिळत नसेल तर बाहेरचा कॅमेरा लावूच नका.

धरणाच्या पाण्यावरचं काम असेल तर उन्हाळ्याचं आधीच बोलून घ्या. पाणी मागे सरकलं की मोटार खाली न्यावी लागते आणि कॅमेऱ्यालाही तिच्यामागं जावं लागतं. खांब जमिनीत काँक्रीटनं गाडण्याऐवजी पायाच्या प्लेटवर नटबोल्टनं बसवा, आणि हलवण्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा.