पऱ्हाटीपासून ‘डिझेल’? मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा



वेचणी संपली की कापसाची पऱ्हाटी बांधावर पडते, नाहीतर जाळली जाते. मग कोणीतरी सांगतं, “कच्चा माल फुकट, मशीन घ्या, डिझेल काढा.” आधी तंत्र समजून घेऊ.

पायरोलिसिस म्हणजे हवा लागू न देता माल साधारण 500 अंश सेल्सिअसला तापवणं. त्यातून कोळसा, गॅस आणि वाफ थंड करून मिळणारं काळपट बायो-ऑइल निघतं. हे डिझेल नव्हे! त्यात साधारण 15 ते 30 टक्के पाणी असतं. ते आम्लधर्मी असल्यानं लोखंडी टाकी गंजवतं, साठवलं की घट्ट होतं. किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणून कॅटॅलिस्ट वापरतात. वाफ झेडएसएम-5 सारख्या झिओलाइटवरून नेली की तिच्यातला बराच ऑक्सिजन निघून जातो. तेल सुधारतं, पण कमी भरतं. शिवाय कॅटॅलिस्टवर कार्बनचा थर बसतो, तो वारंवार जाळून काढावा लागतो.

अमेरिकेतल्या किओर कंपनीनं मिसिसिपी राज्यात याच पद्धतीनं लाकडापासून इंधन करायचा प्लांट उभारला. राज्य सरकारनं 7.5 कोटी डॉलर कर्ज दिलं. ठरलेलं उत्पादन निघालंच नाही, आणि 2014 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

1. एक टन सुक्या पऱ्हाटीतून, पाणी वगळून, किती किलो तेल?
2. कॅटॅलिस्ट किती दिवस टिकतो, नवा कितीला पडतो?
3. हे तेल कोण घेतो? लॅब रिपोर्ट आणि खरेदीदाराचं पत्र दाखवा.

आणि माल खरंच फुकट आहे का? उपटणं, तुकडे करणं, वाळवणं, भाडं हे सगळं धरा. पऱ्हाटी हलकी असते. ट्रॉली भरलेली दिसते, पण वजनकाट्यावर आकडा छोटाच येतो.

सुरुवात करायचीच असेल तर याच पऱ्हाटीच्या ब्रिकेट, म्हणजे ‘पांढरा कोळसा’, बघा. बॉयलरवाले कारखाने तो विकत घेतात. जवळच्या दोन कारखान्यांत जाऊन टनाचा भाव विचारा, त्यातून तुमचा गोळा करण्याचा आणि दाबण्याचा खर्च वजा करा. इथेच पैसे उरत नसतील, तर त्याच पऱ्हाटीवर त्याहून महागडं मशीन लावून ते कुठून उरणार?