हॉप म्हणजे लंगडणे नव्हे

परवा इंग्रजीच्या तासाला 'हॉप' हा शब्द आला. गुरुजींनी अर्थ विचारला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "लंगडणे!" आणि दोघे-तिघे आमच्या एका वर्गमित्राकडे बघून हसले. त्याचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. तो काही बोलला नाही, खाली मान घालून बसला. गुरुजी त्यांना रागावले आणि मला म्हणाले, शब्दकोश बघ आणि भित्तिपत्रकासाठी लिही.

पाय दुखतो किंवा अधू आहे म्हणून ओढत चालणे, ते लंगडणे. त्याला इंग्रजीत 'लिम्प' म्हणतात. हॉप निराळा. एक पाय वर धरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारायची, म्हणजे आपण लंगडी घालतो ना, तेच! खेळाचे नाव लंगडी, म्हणून सगळा घोटाळा.

पण पाखरांची गोष्ट वेगळी. चिमणी दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारते, त्यालाही हॉपच म्हणतात. अंगणात दाणे टाकून बघा. कोंबडी आणि पारवा एकापुढे एक पाय टाकतात, म्हणून त्यांचे 'वॉक'. बेडूक, ससा, कांगारू यांना हॉप चालतो. मात्र मराठीत 'चिमणी लंगडी घालते' असे लिहू नका, आजीसुद्धा हसेल! तिथे 'टुणटुण उड्या मारते' असेच लिहावे.

मुली जिबली खेळतात तसल्या खेळाला इंग्रजीत 'हॉपस्कॉच' म्हणतात. यातला स्कॉच म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ. स्कॉटलंड देशाशी त्याचा संबंध नाही.

आता स्पेलिंग. परीक्षेत इथेच मार्क जातात. हॉपला 'आयएनजी' लावताना 'पी' दोनदा लिहायचा. एकच लिहिला तर ते 'होपिंग' होते, म्हणजे आशा करणे. 'मी लंगडी घालत आहे' लिहायला जावे आणि 'मी आशा करत आहे' होऊन बसावे!

तिहेरी उडीतही हॉप आहे. आधी हॉप, मग स्टेप, मग जंप. हॉपमध्ये ज्या पायाने उडायचे त्याच पायावर उतरायचे. 1896 साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले. तिथे अमेरिकेच्या जेम्स कॉनोलीने दोन हॉप आणि एक जंप असे करून पहिला नंबर मिळवला. तेव्हा तसे चालत होते. आता चालत नाही.

हे वाचून आम्ही मधल्या सुट्टीत शाळेमागच्या मऊ मातीत कॉनोलीची उडी मारून पाहिली. तिला एक पाय धड असला की पुरतो. तो वर्गमित्रही उतरला, उजव्या पायावर. त्याचा नंबर दुसरा आला. माझा पाचवा.

— इयत्ता सातवी