हरिहरेश्वर : घोड्यावरचे चाळीस किलोमीटर आणि परतीचा सोमवार

हरिहरेश्वरला घोडे न्यायचं ठरलं की आधी पंचांग काढायचं, मग ट्रकवाल्याला फोन करायचा. किनाऱ्यावर वेळ समुद्राची चालते. ती काढायचा कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपासचा शनिवार धरलात, तर ऐन गारव्याच्या वेळी पाणी वर चढलेलं असतं आणि घोड्याला कोरड्या, भुसभुशीत वाळूतून पाय ओढावे लागतात. अशा वाळूत पायाच्या शिरांवर जो ताण येतो, तो त्या दिवशी दिसत नाही, तीन दिवसांनी सुजेच्या रूपात दिसतो. म्हणून द्वितीया किंवा तृतीया गाठायची, शुक्ल असो की वद्य. भरती दुपारी दीड ते सव्वादोनला, ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठला. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर हटतं आणि ओल्या, घट्ट पुळणीचा रुंद पट्टा उघडा पडतो. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी हा हिशेब ताडून घ्या.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दमट उकाडा वाढतो आणि घाम वाळेनासा होतो. घोड्याचं अंग थंड ठेवायचं मुख्य साधन घाम हेच आहे, त्यामुळे देशावरच्या कोरड्या हवेत सहज पेलणारं अंतर किनाऱ्यावर जड जातं.

लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीला या खेळातली माणसं ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर ती एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत जाते, आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धाही होतात. तिचं वेगळेपण असं की मधल्या प्रत्येक थांब्यावर शेवटचा शब्द पशुवैद्यकाचा असतो. घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरावीक मिनिटांत मिनिटाला ६४ किंवा त्याखाली आले नाहीत, तर कितीही पुढे असलेला स्वार तिथेच बाद. मोकळ्या जागेत घोड्याला दुडकीनं पळवून आणायचं, तो लंगडला तरी बाद. कॅलिफोर्नियात १९५५ पासून चालत आलेल्या शंभर मैलांच्या ‘टेव्हिस कप’मध्ये पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांमधून सर्वांत ठणठणीत घोडा निवडून त्याला ‘हॅगिन कप’ देतात, आणि ही पारख दुसऱ्या दिवशी सकाळी होते. कालचा पल्ला घोड्याला झेपला का, हे आज सकाळी कळतं. शनिवार-रविवारची हौशी सफर आखणाऱ्यानेही हाच नियम धरावा : घोडा आपल्या पागेत परतून नेहमीचा दाणा नेहमीच्या भुकेनं खाईपर्यंत सफर चालूच आहे. म्हणून आखणी सोमवारपासून उलटी करायची आणि सोमवारची रजा आधी टाकायची.

लांब पल्ल्याची घोडदौड या भूमीला नवी नाही. हरिहरेश्वरपासून अठरा-वीस किलोमीटरवरचं श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. तिथून घाटावर गेलेल्या बाळाजी विश्वनाथांचे पुत्र पहिले बाजीराव मार्च १७३७ मध्ये लांब मजला मारत थेट दिल्लीच्या वेशीशी जाऊन उभे राहिले. मराठी फौजेच्या त्या वेगामागे भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू होतं. अंगानं लहान, पोटाला थोडकं लागणारं आणि दगडधोंड्यांतून न थकता चालणारं. आज भीमथडीची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद आहे. दौडीसाठी घोडा निवडताना उंची आणि चकाकी बाजूला ठेवून मी या तट्टाचे गुण शोधतो : कठीण खूर, रुंद छाती, आणि श्रमानंतर लवकर शांत होणारी नाडी.

घोडा आणायचा तो आपला, किंवा जिथे तुम्ही नियमित स्वारी करता त्या पागेतला. घरच्या मैदानात वीस-पंचवीस किलोमीटर विनातक्रार केलेलाच घोडा न्यायचा. किनाऱ्यावर पर्यटकांना पाच-पाच मिनिटांचे फेरे मारणारा घोडा भाड्याने घेऊन श्रीवर्धन गाठायचा विचार मनातून काढून टाका. तो त्या कामासाठी तयार केलेला नसतो आणि त्याच्या मालकाचं पोट त्याच्यावर असतं. नाल निघण्याच्या आदल्या दिवशी ठोकू नका. नालबंदाला आठवडाभर आधी बोलवा, म्हणजे एखादा खिळा टोचत असेल तर घरीच कळेल.

सामानात सर्वांत जास्त जागा वैरणीला द्या. कोकणात भाताचा पेंढा मिळतो, पण कडबा किंवा लसूणघासावर वाढलेल्या घोड्याच्या पोटाला हा अचानक बदल चालत नाही आणि पोटशूळ उठतो. चार दिवसांची घरची वैरण बरोबर घ्या. ती पुळणीवर टाकायची नाही. जाळीतून किंवा तोबऱ्यातूनच द्यायची, कारण वैरणीबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचते. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं आणि घोडा नुसतं हुंगून तोंड फिरवतो. घरून निघण्याच्या आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावा. मग परक्या पाण्यातही तीच चव सापडते. मोठा घोडा दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी पितो, तेव्हा पिंपं त्या मापाने घ्या.

मुक्कामाचं घर ठरवताना मालकांना घोड्यांविषयी फोनवरच स्पष्ट सांगा आणि वाडीत घोडा बांधायची परवानगी मागूही नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी झोपवल्या. नंतर लावलेली रोपं माणसांनी पोटच्या पोरासारखी वाढवली आहेत, आणि पोफळ धरायला वर्षं जातात. घोडा एका रात्रीत शेंडे खुडून टाकतो. मोकळं आवार शोधा, ट्रकच्या फाळक्याला किंवा दोन जाडजूड झाडांमध्ये ताणलेल्या दोरीला घोडे बांधा, आणि सकाळी लीद उचलूनच निघा. ग्रामपंचायतीला आधी कळवलेलं असू द्या.

शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचायचं. देशावरचा घोडा समुद्र पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला आवाजापेक्षा पायाशी सरकत येणाऱ्या फेसाची धास्ती वाटते. जमीनच हलते आहे असं त्याला वाटत असावं. संध्याकाळी खोगीर न चढवता, हातात धरून, मोतद्दाराबरोबर अर्धा तास नुसतं उभं करा. एखादा अनुभवी घोडा पुढे असला की बाकीचे धीर धरतात.

शनिवारी उजाडताच निघा. हरिहरेश्वरच्या पुळणीवर पहिली वीस मिनिटं फक्त चाल. स्वारी कायम भरतीरेषेच्या खालच्या ओल्या वाळूवर ठेवा. वरच्या कोरड्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि घोड्याच्या टापेखाली घरटं आलं तर ते गेलं. कुंपण दिसलं तर लांबून वळसा घ्या. सावित्रीच्या मुखाकडे घोडा अजिबात नेऊ नका. नदी समुद्राला मिळते तिथला गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय टाकला की गिळतो. हरिहरेश्वराच्या देवळामागची खडकातली प्रदक्षिणेची वाट तर माणसांसाठीच जपून चालायची आहे.

श्रीवर्धनकडे जाताना बराचसा रस्ता डांबरी आहे. डांबरावर चाल, कडेच्या मातीत दुडकी, उतारावर पायउतार होऊन लगाम हातात. सरासरी ताशी आठ किलोमीटर पुरे. श्रीवर्धनची जवळजवळ तीन किलोमीटरची लांब पुळण लागेपर्यंत ओहोटी अजून टिकून असते. घोड्याला मोकळं पळू द्यायचं असेल तर ते इथे, आणि तेही घोडा स्वतःहून मागत असेल तर.

मग मुख्य थांबा. तंग सैल करा, खोगीर उतरवा, डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावा. साधा स्टेथोस्कोप पुरतो आणि स्वस्तही असतो. वीस मिनिटांत ठोके ६४ च्या खाली आले पाहिजेत. विश्रांतीतल्या निरोगी घोड्याचे ठोके २८ ते ४४ असतात, त्यावरून अंतर लक्षात येईल. हिरडी बोटाने दाबून सोडली की रंग दोनेक सेकंदांत परतायला हवा. मानेची चिमूट घेतली की कातडी लगेच बसायला हवी. कुशीला कान लावला की आतड्याची गुरगुर ऐकू यायला हवी. कुशीतली शांतता ही सर्वांत वाईट खूण. अंगावर सतत पाणी ओतत राहा आणि पाण्याबरोबर मीठ द्या, कारण घोड्याच्या घामातून क्षार माणसापेक्षा जास्त जातात. यातली एकही गोष्ट बिनसली तर वीस किलोमीटरवर थांबायचं आणि ट्रक श्रीवर्धनला बोलवायचा. पहिल्यांदा आलेल्या घोड्याला तर सगळं ठीक असतानाही मी इथेच थांबवीन.

सगळं नीट असेल तर दुपार सावलीत काढून साडेतीनला परत. पाणी वर असतं, त्यामुळे या टप्प्यात पुळणीचा मोह नको, रस्त्याने या. सूर्य मावळताना मुक्कामी पोहोचता. खुरांतली वाळू उकरा, पाय गोड्या पाण्याने धुवा, अंग पुसा, खरारा हलका करा. खाऱ्या पाण्यावर तंग आवळला गेला की दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटते.

रविवारी सकाळी तीच दुडकीची तपासणी. त्यानंतर घोड्यांना पूर्ण सुट्टी, फक्त अधूनमधून हातात धरून फिरवणं. माणसांनी पाळ्या लावाव्यात. एकजण घोड्यांपाशी, बाकीचे ओहोटी असताना प्रदक्षिणा करून, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेशवीला उतरून बाणकोटचा हिंमतगड पाहून येतात. प्रदक्षिणेत खडकांच्या टोकाशी उभं राहून फोटो काढू नका. शांत दिसणाऱ्या समुद्राची एखादी लाट तिथून माणसं ओढून नेते, हे अनेकदा घडलं आहे.

रविवारी दुपारी निघायचं नाही. दमलेल्या घोड्याला ट्रकमध्ये विश्रांती मिळत नाही. प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला तो चारही पायांवर तोल सावरत असतो, म्हणजे त्याचं काम चालूच असतं. त्यात रविवारी संध्याकाळी माणगाव-इंदापूर भागातली कोंडी, आणि डब्यात अडकलेली गरम हवा. सोमवारी पहाटे चारला निघा. मुंबई सुमारे २०० किलोमीटर. पुण्याला जाणाऱ्यांना ताम्हिणी जवळचा, पण तिथली वळणं घोड्याच्या पायांना महाग पडतात. माणगावहून वाकण, पाली, खोपोली करत बोरघाटाने जाणं मला जास्त पटतं. घोड्याचं डोकं आखूड बांधू नका. मान खाली करता आली नाही तर श्वासनळीतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसं धरतात. दर तीन तासांनी सावलीत थांबा, दोर सैल करा, पाणी दाखवा, वैरण जमिनीच्या पातळीवर ठेवा. प्रवास करण्यास घोडा योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार लागतो. तो आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या तपासणीचा अहवाल चालकाजवळ ठेवा. स्वारांनी वेगळ्या गाडीने यावं, आणि ती गाडी शनिवारी न बसलेल्या माणसाने चालवावी. मांड्या आणि कंबर आखडलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर वेळेत पडत नाही.

पागेत उतरल्यावर आधी पाणी, मग वैरण, दाणा रात्री आणि निम्मा. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप पाहा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा खोकला आला तर पशुवैद्यकाला बोलवा. प्रवासातून येणारा फुप्फुसांचा आजार असाच उशिरा डोकं वर काढतो. आठवडाभर खोगीर नको. थांब्यावरचे ठोके, शांत व्हायला लागलेली मिनिटं आणि परतल्यावरचा ताप वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी पल्ला वाढवायचा की तेवढाच ठेवायचा, ते या आकड्यांवरून ठरवा.