चेहरा जुळतो, भाव का हरवतो?

प्रश्न : फोटोवरून मुलीचं चित्र रंगवलं. नाक-डोळे जुळले, पण ती त्यात दिसत नाही. काय चुकतं? (एक वाचक, भालकी, जि. बीदर)

उत्तर : भाव नुसत्या नाकाडोळ्यांत नसतो, तो प्रकाशात, हातांत आणि नजरेच्या दिशेत असतो.

सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांनी 1940च्या दशकात आपली मुलगी गीता हिलाच समोर उभं करून जलरंगात एक चित्र रंगवलं. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. तिच्या हाती दिवा आहे. ज्योतीसमोर धरलेल्या तळहाताची बोटं उजेडाने लालसर झाली आहेत आणि तोच उजेड चेहऱ्यावर पसरला आहे. तिची सगळी काळजी त्या आडव्या धरलेल्या हातात आहे.

रविवर्म्याने 1893 मध्ये आपली मुलगी महाप्रभा आणि तिचं कडेवरचं बाळ रंगवलं. चित्राचं नाव ‘देअर कम्स पापा’. वडील चित्रात नाहीतच. आईच्या बोटाने दाखवलेल्या दिशेतून त्यांची चाहूल लागते.

म्हणून तुमच्या मुलीला नुसतं हसायला सांगू नये. तिला आवडीचं काम द्यावं, खिडकीशी बसवावं आणि आधी पाच-पाच मिनिटांची कच्ची रेखाटनं करावीत. फ्लॅशच्या फोटोत सावल्या सपाट होतात, म्हणून फोटो फक्त आठवणीपुरता वापरावा. ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या कडा मऊ ठेवाव्यात. तिथे रेघ कडक झाली की चेहरा गोठतो.